बेळगावचा किल्ला कशाने पडला?

एप्रिल 2023 मध्ये सुदानात यादवी पेटली, तेव्हा उभय पक्षांच्या सैन्यबळाचे हिशेब जगभर मांडले गेले. असे हिशेब किती फसवे असतात हे जाणण्यास आम्हां गोमंतकीयांना दूर जावयास नको. चोर्ला घाटापलीकडचे बेळगाव पुरेसे आहे.

पेशवाईच्या उत्तरकाळी कोल्हापूरकर आणि पेशव्यांचे सरदार निपाणीकर अप्पा देसाई यांच्यात चिकोडी-मनोळीवरून यादवीच चालली होती. नोव्हेंबर 1817 मध्ये इंग्रजांशी युद्ध जुंपले, तेव्हा या मुलखातील किल्ले नि ठाणी पेशव्यांकडे होती. जनरल मन्रोपाशी कवायती फौज मूठभर. त्याने स्थानिक शिबंदी उभारली, गावोगाव आपले अमलदार धाडले आणि वसूल आपल्याकडे वळविला. मक्तेदारांनी नागवलेल्या रयतेला बाजीरावासाठी लढावे असे वाटेनासे झाले होते. तीन आठवड्यांच्या वेढ्यानंतर 10 एप्रिल 1818 रोजी बेळगावचा किल्ला पडला. भोवतालचा मुलूख मात्र त्याआधीच हातचा गेला होता.

विजेत्याची बाजू धरणाऱ्यांच्या पदरी तरी काय पडले? कोल्हापूरकरांना चिकोडी-मनोळी मिळाली, ती दहा-अकरा वर्षांत परत गेली. कित्तूरच्या देसायांनी बेळगावच्या वेढ्यात इंग्रजांना साह्य केले; त्याच इंग्रजांनी 1824 मध्ये कित्तूरचे दत्तक नाकारले आणि राणी चन्नम्मांना शस्त्र धरावे लागले. निपाणीही 1839 मध्ये खालसा झाली. आपसांतील भांडणात मराठी आणि कानडी दोघेही सारखेच बुडाले.

आजचा सीमाप्रश्न हे युद्ध नव्हे, आणि कोणी त्याला तसे रूप देऊही नये. 1956 पासूनचे हे दुखणे 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेले. निवाडा व्हायचा तेव्हा होवो. परंतु एसटी गाड्यांना काळे फासून वा बंदोबस्त वाढवून निष्ठा मिळत नाही, हे बेंगळुरू आणि मुंबई या दोन्ही ठिकाणच्या सत्ताधाऱ्यांनी ओळखले पाहिजे. निपाणीच्या शेतकऱ्याला सातबारा त्याला वाचता येईल अशा भाषेत मिळतो काय, खानापूरच्या मुलाची मराठी शाळा टिकते काय, यावर त्याचे मन ठरते. गोमंतकाने आपला वाद 16 जानेवारी 1967 रोजी मतपेटीतून सोडविला. निकाल सर्वांना रुचला नाही, तरी सर्वांनी तो मानला. लोकांना विचारण्याचा हा मार्ग सीमाभागास अद्याप लाभलेला नाही, याची खंत आम्हांस वाटते.