कार्यकर्त्याचं मन कोण सांभाळणार?

आमच्या गटात एक मुलगा होता. जिल्ह्यात कुठंही ॲट्रॉसिटी झाली की पहिली मोटारसायकल त्याची निघायची. एफआयआर होईपर्यंत ठाण्यात ठिय्या, पंचनाम्याला हजर, जबाबाच्या वेळी पीडित कुटुंबाच्या शेजारी बसलेला. सात वर्षं हे चाललं. मग त्यानं फोन उचलणं बंद केलं, बैठकांना येईनासा झाला. आम्ही काय केलं? ग्रुपवर लिहिलं, 'भाऊ मॅनेज झाले वाटतं.' कुणी म्हणालं, बायकोनं अडवलं. कुणी म्हणालं, तिकिटावर डोळा आहे.

वर्षभरानं त्याच्या पत्नीकडून खरं कळलं. एका प्रकरणात शवविच्छेदनानंतर लहान मुलीचं प्रेत त्याच्या हातात दिलं गेलं होतं. तेव्हापासून तो रात्रभर जागा असायचा आणि स्वतःच्या लेकीला उचलून घ्यायला घाबरायचा. आम्ही त्याच्यावर गद्दारीचा शिक्का मारत होतो, तेव्हा तो आजारी होता. हा लेख त्या आमच्या चुकीतून लिहिला आहे.

आमचं म्हणणं एवढंच आहे: प्रशिक्षित थेरपिस्ट आणि कामावर लक्ष ठेवणारा जाणता सुपरवायझर या श्रीमंतांच्या चैनीच्या गोष्टी आहेत, हा समज आंबेडकरी चळवळीनं सोडला पाहिजे. वकील आणि डॉक्टर जसे आपल्याला लागतात, तसेच हेही लागतात.

यावर पहिला आक्षेप आपल्यातूनच येतो, आणि तो वजनदार आहे. जात हा समाजाचा रोग आहे, मग उपचार पीडितावर का? अन्याय करणारा मोकळा आणि सोसणाऱ्यानं समुपदेशकाकडं जायचं, ही ब्राह्मणी व्यवस्थेला सोयीची वाट नाही का? असं होऊ शकतं, हे आम्ही नाकारत नाही. पण मारहाणीत डोकं फुटलेल्या माणसाला आपण दवाखान्यात नेतो आणि त्याच दिवशी एफआयआरही करतो. टाके घातले म्हणून कलम ढिलं होत नाही. मग मनाच्या जखमेला वेगळा नियम का?

ही जखम किती वर्षं टिकते, याची साक्ष खुद्द बाबासाहेबांनी दिली आहे. परदेशातून शिकून ते बडोदा संस्थानात नोकरीला आले. राहायला जागा मिळेना म्हणून त्यांना पारशी नावानं पारशी धर्मशाळेत उतरावं लागलं आणि एके दिवशी काठ्या घेतलेल्या डझनभर लोकांनी तिथून हाकललं. 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये ते लिहितात की अठरा वर्षं उलटली तरी ते दृश्य पुसलं गेलेलं नाही आणि आठवलं की डोळ्यांत पाणी येतंच. ज्या माणसाला आपण महामानव म्हणतो, त्यानं आपलं रडणं जगासमोर मांडलं. मग आपल्या कार्यकर्त्यानं 'मला झोप लागत नाही' एवढं बोलायला का लाजावं?

आता खैरलांजी आठवा. 29 सप्टेंबर 2006 रोजी भैयालाल भोतमांगे यांची पत्नी, मुलगी आणि दोन मुलं मारली गेली. पुढची दहा वर्षं तो माणूस तारखा, मोर्चे, पत्रकार आणि नेते यांच्यामध्ये फिरत राहिला. जानेवारी 2017 मध्ये त्यांचं निधन झालं, तेव्हाही प्रकरण सर्वोच्च न्यायालयात प्रलंबित होतं. आपण त्यांना किती मंचांवर बसवलं, ते आठवतं. त्यांच्या रात्री कशा जातात, हे आपल्यापैकी किती जणांनी विचारलं? ॲट्रॉसिटी कायद्यात 2015 च्या दुरुस्तीनं आलेलं कलम 15 अ पीडित आणि साक्षीदारांना संरक्षण, प्रवासखर्च आणि सामाजिक-आर्थिक पुनर्वसनाचा हक्क देतं. आपण हप्ता मिळाला का ते विचारतो, नोकरी आणि जमिनीचं काय झालं तेही विचारतो. मनाचं पुनर्वसन आपल्या निवेदनात येतच नाही. साक्षीदार फितूर झाला की आपण संतापतो, पण तोवर तो आतून किती मोडला होता, याची चौकशी करत नाही.

ही पोकळी रिकामी राहत नाही. ती लाइफ कोच भरून काढतात. पुण्यातल्या अभ्यासिकांमधून एमपीएससीच्या चौथ्या-पाचव्या प्रयत्नात असलेली आपली पोरं मोबाइलवर कुणाला ऐकतात, ते बघा. 'माइंडसेट बदला', 'नकारात्मक लोकांपासून दूर राहा', 'परिस्थिती नव्हे, तुमचा विचार तुम्हाला गरीब ठेवतो.' आता तर जयंतीच्या कार्यक्रमालाही असेच वक्ते बोलावले जातात. वेळापत्रक आखणं, मुलाखतीची तयारी, कामाची घडी बसवणं यात चांगला कोच उपयोगी पडतो, हे आम्ही अनुभवानं मान्य करतो. पण लाइफ कोच म्हणवून घ्यायला आपल्याकडं कसलीही कायदेशीर नोंदणी लागत नाही. दोन दिवसांची कार्यशाळा करूनही कुणी तो फलक लावू शकतो. आणि ज्याचा सगळा धंदा 'तुझ्या अपयशाला तूच जबाबदार' यावर उभा आहे, तो जुना कर्मसिद्धांतच नव्या वेष्टनात विकतो. 22 प्रतिज्ञा घेतलेल्या समाजानं तो पैसे देऊन परत का घ्यायचा?

थेरपिस्ट वेगळा असतो, कारण त्याच्या कामाला शिक्षण, मर्यादा आणि गोपनीयतेचं बंधन असतं. मानसोपचारतज्ज्ञ हा डॉक्टर, तो औषध देऊ शकतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडं असते. ती विचारायचा आपल्याला अधिकार आहे. पण पदवी आहे म्हणून जातीची समज असेलच, असं नाही. आमचा तो मित्र आधी ज्या समुपदेशकाकडं गेला, तिथं त्याला ऐकायला मिळालं, 'जात-बित मनात धरू नका, आता कोण मानतं?' दोन भेटींनंतर तो परत गेला नाही. पुढं एका सरकारी दवाखान्यातल्या ओपीडीत भेटलेल्या बाईंनी मात्र पहिलाच प्रश्न विचारला, 'त्या गावात तुम्ही अजून जाता का?' तिथून तो बोलायला लागला.

दलित पँथरनं 1972 मध्ये अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरकडून नाव आणि आग घेतली. त्याच अमेरिकेत 1968 मध्ये कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञांनी आपली स्वतंत्र संघटना उभी केली. गोऱ्यांच्या मोजपट्टीनं आमचं मन मोजू नका, हे त्यांचं म्हणणं होतं. हा धडा आपण घेतला नाही. आपली मुलं वकील झाली, इंजिनिअर झाली, अधिकारी झाली. क्लिनिकल सायकॉलॉजी आणि सायकियाट्रिक सोशल वर्क या शाखांकडं आपण बघितलंच नाही, आणि आज जातीचं दुःख समजणारा थेरपिस्ट शोधताना पायपीट होते.

आता सुपरवायझरबद्दल. हा शब्द ऐकला की हजेरी घेणारा साहेब डोळ्यांसमोर येतो. समुपदेशनाच्या क्षेत्रात त्याचा अर्थ निराळा आहे. दुसऱ्यांचं दुःख ऐकणाऱ्या माणसानं ठरावीक दिवशी आपल्यापेक्षा अनुभवी माणसासमोर बसायचं, आपण कुठं चुकलो, कुठं वाहवत गेलो, काय घरी घेऊन आलो, हे बोलायचं. थेरपिस्टलाही असा सुपरवायझर लागतो. एमएसडब्ल्यू केलेल्यांना हे माहीत आहे, कारण फील्डवर्कच्या काळात त्यांची आठवड्याची बैठक असते. पदवी हातात पडली की ती बंद होते. पुढं संस्थेचा समन्वयक फक्त विचारतो, 'या महिन्यात किती केसेस?' आणि विनामोबदला काम करणाऱ्या कार्यकर्त्याला तर तेवढंही कुणी विचारत नाही. त्याचा हिशेब मग दारूत, घरातल्या भांडणात किंवा साथीदारांवरच्या संशयात निघतो. आपल्या संघटना इतक्या वेळा का फुटतात, याची कारणं राजकारणात आहेतच. पण काही कारणं अशा न बोललेल्या रात्रींतही आहेत, असं आमचं निरीक्षण आहे.

विनयपिटकात एक प्रसंग आहे. बुद्धांना एक भिक्खू अतिसारानं आजारी, स्वतःच्याच घाणीत पडलेला दिसला. कुणी त्याच्याकडं बघत नव्हतं, कारण तो आता इतरांच्या उपयोगाचा राहिला नव्हता. बुद्धांनी पाणी मागवलं आणि आनंदाच्या मदतीनं स्वतः त्याला स्वच्छ केलं. मग संघाला बोलावून विचारलं की तुम्ही एकमेकांची शुश्रूषा केली नाहीत तर कोण करणार? उपयोग संपला की माणूस विसरायचा, ही सवय संघातही होती. बुद्धांनी ती नियम करून मोडली. आपणही नियमच केला पाहिजे.

म्हणून आम्ही चार गोष्टी मांडतो. पहिली, फॅक्ट फाइंडिंगहून परतल्यावर आठ दिवसांच्या आत प्रशिक्षित व्यक्तीसोबत बैठक. ती व्यक्ती संघटनेची पदाधिकारी नसावी आणि तिथं बोललेलं बाहेर जाऊ नये. दुसरी, वर्गणीचा हिशेब मांडताना वकिलाच्या खर्चाशेजारी समुपदेशनाचा खर्च लिहावा. तिसरी, 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम 18 वाचावं. जातीवरून भेदभाव न होता परवडणारी सेवा मिळणं हा त्यात हक्क आहे. जिल्हा रुग्णालयात तो मागावा. टेलिमानसचा 14416 हा मोफत क्रमांक विहाराच्या फलकावर लिहावा. चौथी, दरवर्षी वस्तीतल्या एका तरी मुलीला किंवा मुलाला या शिक्षणाकडं वळवावं आणि त्याच्या शिष्यवृत्तीसाठी भांडावं.

आमचा मित्र परत आलाय. आता तो गावात जात नाही, कागदपत्रांचं काम बघतो, आठवड्यातून तीनच दिवस. मागच्या बैठकीला लेकीला खांद्यावर घेऊन आला होता. आम्ही त्याची माफी मागितली. ती मागायला आम्हाला दोन वर्षं लागली.

जय भीम!