कारखान्यात औषध, शेतात गुन्हा



अन्नावरची वासना उडालेल्या आजाऱ्यापुढे भरले ताट ठेवून काय उपयोग? अमेरिकेत एड्सचे रोगी असेच झडत चालले होते. त्यांची भूक वाढावी म्हणून तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने डिसेंबर १९९२ मध्ये ‘मॅरिनॉल’ या कॅप्सूलला मान्यता दिली. कर्करोगावरच्या औषधांनी होणाऱ्या उलट्यांसाठी ती १९८५ सालीच मंजूर झाली होती. आत काय असते? गांजातले नशेचे मुख्य द्रव्य, टीएचसी. ते प्रयोगशाळेत बनवून आपल्या ओळखीच्या तिळाच्या तेलात विरघळवलेले!

या मान्यतेला आमचा विरोध नाही. चाचणीत कॅप्सूल घेणाऱ्यांची भूक ३८ टक्के वाढली, नकली कॅप्सूल घेणाऱ्यांची ८ टक्के. वजन मात्र फारसे वाढले नाही, हेही शास्त्रज्ञांनी लपवले नाही. औषध असेच तोलून-मापून यावे.

आमचे भांडण दुटप्पीपणाशी आहे. मिसिसिपी विद्यापीठाच्या शेतातला गांजा अमेरिकन सरकार मोजक्या रोग्यांना औषध म्हणून देत असे. त्याच १९९२ सालच्या मार्चमध्ये नव्या रोग्यांना ते दार बंद झाले. १९९९ मध्ये कॅप्सूलवरचे निर्बंध सैल केले. झाड मात्र हेरॉइनच्या पंगतीतच बसवून ठेवले. द्रव्य एकच, कारखान्यातून आले की औषध, शेतातून आले की गुन्हा!

आपल्याकडे आयुर्वेद भांगेला भूक चेतवणारी म्हणतो. १९८५ चा अंमली पदार्थ कायदा विनापरवाना लागवड करणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि लाखापर्यंत दंड सांगतो. पण त्याच कायद्याचे कलम १० राज्य सरकारला परवान्याने लागवड करू देण्याचा अधिकारही देते. तो वर्षानुवर्षे कागदावरच झोपलेला होता.

गांजा पेरा, असे आम्ही मुळीच सांगत नाही. कपाशीच्या तासात एक झाड सापडले तरी तुरुंग आहे. शिवाय चिलमीतला गांजा म्हणजे मोजलेली मात्रा नव्हे. आमची मागणी एवढीच: कृषी विद्यापीठांनी वाण तपासावेत, औषधाच्या कसोट्या कडक ठेवाव्यात आणि उद्या परवाने निघालेच तर ते सातबाराधारकालाही मिळावेत. एकाधिकार खरेदीत स्वतःचा कापूस मर्जीने विकण्याचा हक्क गमावलेल्यांना परवान्याचे राजकारण शिकवावे लागत नाही.

कसोटी मालाची घ्या. माल कारखान्याचा की शेताचा, हे पाहून कायदा बदलू नका!