कोष जालन्याचा, लाभ कुणाचा?

लग्नसराई जवळ आली की मराठी घरात पहिला विषय निघतो तो वस्त्रांचा. शालूचा रंग, पैठणीचा पदर, मानपानाची पातळे यांवर रात्ररात्र खल होतो. पण हे वस्त्र कुणाच्या हातून आले आणि त्या हातांना काय मिळाले, हा प्रश्न त्या चर्चेत क्वचितच निघतो. म्हणूनच आज जालना जिल्ह्याकडे लक्ष वेधावेसे वाटते.

'जालना सोने का पालना' ही म्हण व्यापाराच्या भरभराटीतून रूढ झाली. पुढे वारंवारच्या अवर्षणाने येथील शेतकरी गांजला. अशा स्थितीत काहींनी तुतीची कास धरली. एकदा लावलेली तुती बारा-पंधरा वर्षे पाला देते आणि महिन्याभरात कोषांचे एक पीक हाती येते. मात्र पूर्वी हे कोष विकायला कर्नाटकातील रामनगर गाठावे लागे. २०१८ साली जालन्याच्या कृषी उत्पन्न बाजार समितीत कोषांची बाजारपेठ सुरू झाली आणि ही पायपीट बरीच टळली.

तथापि कोष म्हणजे वस्त्र नव्हे. कोषातून धागा काढणे, त्याला पीळ देणे, तो रंगवणे, विणणे, शिवणे अशी ही लांब साखळी आहे आणि तिच्या प्रत्येक कडीवर एखाद्या कुटुंबाची चूल पेटू शकते. शेजारच्या जिल्ह्यातील पैठणला पैठणीची थोर परंपरा आहे. तिला २०१० साली भौगोलिक मानांकनही लाभले. परंतु तेथील मागांना लागणारे रेशीम परंपरेने बंगळुरूकडून येत राहिले. शेत इथे, माग इथे आणि मधली मिळकत मात्र दूरदेशी! हे अंतर भरून काढण्याचे सामर्थ्य धागा काढणारे, रंगारी, शिवणकाम करणाऱ्या भगिनी आणि छोटे वस्त्रविक्रेते यांच्यातच आहे.

'फॅशन' हा शब्द ऐकताच आपल्यातील अनेकांच्या कपाळाला आठी पडते. साधी राहणी हा आपला आदर्श आहे आणि तो योग्यच आहे. पण साधेपणा म्हणजे स्वस्ताचा सोस नव्हे. २०१३ साली ढाक्याजवळ राणा प्लाझा ही इमारत कोसळली आणि अकराशेहून अधिक माणसे मरण पावली. त्यांत बहुतेक जगभरच्या दुकानांसाठी कपडे शिवणारे कामगार होते. वस्त्र स्वस्त असते तेव्हा उरलेली किंमत अनेकदा दुसराच कुणी मोजत असतो.

अर्थात व्यवसाय छोटा आहे म्हणून तो आपोआप नीतिमान ठरत नाही. शिवणारीची मजुरी महिनोन्‌महिने अडकवून ठेवणारा आपल्याच गल्लीतला दुकानदारही असतो. यंत्रमागाची साडी हातमागाची म्हणून खपवणाराही असतो. यंत्रमागावर पोट भरणे हे पाप नव्हे. खोट्या नावाने विकणे हे पाप आहे. त्यात ग्राहक फसतो आणि एका पदरासाठी महिनोन्‌महिने मागावर बसणारा विणकर बुडतो. छोट्या व्यवसायाचे मोल एवढ्याचसाठी की तेथे करणारा आणि घेणारा समोरासमोर येऊ शकतात, विचारणा होऊ शकते आणि लाजही वाटू शकते.

ही विचारणा आपणच केली पाहिजे. 'सिल्क मार्क' ही रेशमाच्या शुद्धतेची खूण आहे, हातमागाची नव्हे. हातमागासाठी 'हँडलूम मार्क' वेगळा आहे, हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक हवे. पारंपरिक विणीचा पदर उलटून पाहावा. नक्षी मागूनही तशीच दिसते, सुटे धागे लोंबत नाहीत. शिवणाऱ्या भगिनीशी घासाघीस करू नये आणि कपडा हाती येताच तिचे पैसे चुकते करावेत.

७ ऑगस्ट १९०५ रोजी कलकत्त्यात स्वदेशीची घोषणा झाली. तिच्या स्मरणार्थ २०१५पासून हा दिवस राष्ट्रीय हातमाग दिन म्हणून पाळला जातो. त्याच १९०५ साली तरुण सावरकरांच्या पुढाकाराने पुण्यात विदेशी कपड्यांची होळी पेटली. त्या होळीचे स्मरण आपण अभिमानाने करतो. पण स्वदेशीचे व्रत केवळ स्मरणाने पुरे होत नाही. येत्या लग्नसराईत आपल्या घरच्या खरेदीतील एक तरी वस्त्र, करणाऱ्याची पुरती मजुरी देऊन घेतलेले असावे. जालन्याच्या कोषाचे खरे चीज त्यातच आहे.