आधी भिंत, मग सौरऊर्जा

माकणी (ता. लोहारा, जि. धाराशिव) : जुन्या सरकारी कचेऱ्यांच्या छतांवर सौर पॅनेल बसवून वीजबिलाचा भार हलका करण्याचा विचार आता राज्यात रुजला आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये मंजूर झालेल्या 'पंतप्रधान सूर्यघर' योजनेने त्याला बळ दिले. मात्र निम्न तेरणा धरणाच्या माकणी परिसरात या विचारापुढे एक वेगळी कसोटी उभी आहे. छतावर काय ठेवायचे हे ठरविण्यापूर्वी ते छत कशावर उभे आहे, हे येथे तपासावे लागते.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपाने लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे आठ हजार बळी घेतले. दगड-मातीच्या जाड भिंती आणि त्यांवरील माळवदाचा मातीचा भार हेच अनेकांच्या मृत्यूचे कारण ठरले. त्यानंतरच्या पुनर्वसनात जुन्या इमारतींच्या मजबुतीकरणाचे धडे मिळाले. छतावरील माती कमी करावी, भिंतीच्या आरपार जाणारे दगड बसवावेत, भिंतींना पट्ट्याने एकत्र बांधावे, ही त्यांतील प्रमुख सूत्रे. सौर प्रकल्पाच्या उत्साहात त्यांचा विसर पडणे परवडणारे नाही.

जुनी वास्तू आणि नवी ऊर्जा यांचे वैर नसते, हे मुंबईत दिसून आले आहे. १८७८ ते १८८८ या काळात उभारलेले आणि २००४ पासून जागतिक वारसा यादीत असलेले छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे मध्य रेल्वेचे मुख्यालयही आहे. तेथे सौर पॅनेल, एलईडी दिवे व कमी वीज घेणारे पंखे बसविण्यात आले. २०२१ मध्ये भारतीय हरित इमारत परिषदेने या स्थानकाला सुवर्ण मानांकन दिले. वीजनिर्मितीइतकेच वीजबचतीलाही तेथे स्थान मिळाले, ही बाब लक्षणीय आहे.

हिशेब काय सांगतो?

बचत आधी का, याचे उत्तर साध्या गणितात आहे. एखाद्या कचेरीत ७५ वॅटचे १० पंखे आणि चोकसह ५० वॅटच्या १० जुन्या ट्यूबलाइट रोज आठ तास चालतात, असे धरले तर दिवसाला १० युनिट वीज लागते. पंखे ३० वॅटचे आणि दिवे २० वॅटचे केल्यास ही गरज ४ युनिटवर येते. एक किलोवॅटचे सौर पॅनेल दिवसाला सरासरी ४ युनिटच्या आसपास वीज देते. म्हणजे अडीच किलोवॅटचे काम एका किलोवॅटमध्ये भागते. खर्च तर वाचतोच, शिवाय जुन्या छतावरील वजन आणि वाऱ्याचा ताणही कमी होतो.

उन्हाळ्याचा प्रश्न मात्र उरतो. मातीचे माळवद जड होते, पण खोली थंड ठेवीत असे. त्याच्या जागी आलेला काँक्रीटचा स्लॅब वा पत्रा मराठवाड्याच्या उन्हात तापतो. छताला पांढऱ्या चुन्याचा लेप, खिडक्यांवर सज्जे आणि खेळती हवा हे उपाय स्वस्त आहेत आणि भिंतींवर फारसा बोजाही टाकत नाहीत.

अडचण आहे ती कामाच्या वाटणीची. बांधकामाची दुरुस्ती एका खात्याकडे, विजेची कामे दुसऱ्या शाखेकडे आणि सौर प्रकल्प 'महाऊर्जे'च्या योजनेतून, असे तुकडे पडले की प्रत्येक जण आपापला भाग पूर्ण करतो आणि इमारतीची जबाबदारी कोणाचीच राहत नाही. संरचनात्मक तपासणी, मजबुतीकरण, वीजबचत व शेवटी सौर पॅनेल, हा क्रम एकाच अंदाजपत्रकात बांधला गेला पाहिजे. छत निकामी ठरले तर पॅनेल आवारात जमिनीवर उभारता येतात. त्यासाठी कचेरी धोक्यात घालण्याचे कारण नाही.

वीजबिल दर महिन्याला येते, म्हणून ते डोळ्यांसमोर राहते. भूकंप पूर्वसूचना देत नाही. तेरणाकाठच्या गावांना हे कोणी नव्याने सांगण्याची गरज नाही. अंदाजपत्रके तयार करणाऱ्यांनी मात्र ते ध्यानात ठेवावे.