जामगी हाती घेण्यापूर्वी
शिवकाळी तोफ डागणे ही शिस्तबद्ध विद्या होती. तोफेच्या कानात रंजक भरून, बाजूला उभा राहूनच गोलंदाज जळत्या जामगीने बत्ती देई. आज उत्सवाच्या उत्साहात गडावरील जुन्या तोफेत दारू ठासू पाहणाऱ्यांना ना ती विद्या अवगत असते, ना गंजाने पोखरलेल्या लोखंडाची अवस्था ठाऊक असते. अशी तोफ फुटली, तर तरुणांच्या प्राणांसह पूर्वजांचा ठेवाही नष्ट होईल. २०२५ मध्ये १२ मराठा दुर्ग जागतिक वारसा ठरले. तो मान राखण्याचे दायित्व समाजाचेच आहे. मातीत रुतलेल्या तोफेला पुरातत्त्व खात्याच्या अनुमतीने लाकडी गाड्यावर विराजमान करणे, हीच छत्रपतींना खरी सलामी!