वडील शिपिंगमधे आहेत

आमच्या वस्तीतला एक पोरगा गेल्या महिन्यात डेटा अ‍ॅनालिटिक्सच्या एका कंपनीत मुलाखतीला गेला. बी.एस्सी. स्टॅटिस्टिक्स. तीन फेऱ्या पार केल्या. चौथीत एच.आर.वाल्या बाईनं विचारलं, फादर काय करतात? हा म्हणाला, शिपिंगमधे आहेत.

बाप माझ्याच टोळीत गोणी उचलतो.

रात्री त्यानं हे हसत हसत सांगितलं. आम्हीही हसलो. बाप हसला नाही. उठला आणि तोंड धुवायला नळावर गेला. तेव्हापासून हे लिहायचं डोक्यात आहे.

तुम्ही म्हणाल, तू मॅट्रिक, डॉकातला हमाल, कविता खरडणारा. डेटा कंपनीवर बोलणारा तू कोण? दोस्तहो, विहाराच्या मागच्या खोलीत ही पोरं रात्री तयारी करतात, तेव्हा समोर साहेब होऊन मी बसतो. वहीतले प्रश्न मी विचारतो. विचारून विचारून मलाही त्यातलं कळायला लागलंय. त्यातून दोन गोष्टी सांगायच्या आहेत.

पहिली गोष्ट. हा विषय अवघड आहे, पण परका नाही. पोरं म्हणतात, जॉइन डोक्यात शिरत नाही. म्हटलं, डॉकात ये. तिथं दोन वह्या असतात. एक हजेरीची, एक पगाराची. दोन्ही वह्यांत नाव आहे तेवढीच माणसं काढली की झाला इनर जॉइन. सगळं कसं झकास, ज्याला त्याला पगार मिळालेला. आता हजेरीची वही डावीकडे ठेव. तिच्यातलं एकेक नाव घे आणि पगाराच्या वहीत शोध. सापडलं नाही तिथं नल येतो. हा लेफ्ट जॉइन. राबून पगार न मिळालेले सगळे त्या नलमधे उभे असतात. कुठला जॉइन लावला त्यावर माणूस दिसतो नाहीतर गायब होतो.

आणि नल म्हणजे शून्य नव्हे. शून्य म्हणजे मोजलं, पण काही निघालं नाही. नल म्हणजे नोंदच नाही. एस.क्यू.एल.कडे सरासरी मागा, ते नल सोडून देतं आणि उरलेल्यांची सरासरी काढतं. साहेब खूश. मुलाखतीत हा प्रश्न हमखास येतो. आपल्याला तो पाठ करावा लागू नये. हजारो वर्षं आपण त्याच रकान्यात होतो.

सरासरीचंही तसंच. गल्लीत पाच बिऱ्हाडं. चार घरांत महिन्याला 15,000, पाचवा सावकार, त्याचे 3,00,000. सरासरी 72,000. मध्यक 15,000. गल्लीचं खरं कुठला आकडा सांगतो, हे आपल्या पोराला पुस्तकानं शिकवायला पाहिजे काय?

मग केस देतात. विक्री दहा टक्क्यांनी घसरली, कारण शोधा. पोरं लगेच कारणं फेकायला लागतात. मी म्हणतो, थांब. टॅली क्लार्कच्या कागदावर 400 गोणी आणि आमच्या पाठीवरून गेल्या 412, असं असलं तर? आधी मोजणी तपास. मग कुठल्या भागात, कुठल्या मालात, कुठल्या दिवसापासून घसरली ते फोडून बघ. कारण शेवटी. आणि हे सगळं तोंडानं बोलत बोलत कर. मुक्यानं सोडवलेलं गणित त्यांना ऐकू येत नाही. इंग्रजी मोडकं असलं तरी चालेल, पायरी सुटता कामा नये.

बाबासाहेबांनी 1918 साली शेतीच्या लहान तुकड्यांवर निबंध लिहिला, 1923 साली रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ छापला. आकडे हे आपल्या घरातलं हत्यार आहे. ते गंजू देऊ नका.

कुणी विचारील, चळवळीच्या पोरानं भांडवलदाराच्या कंपनीत का जावं? अ‍ॅमेझॉननं नोकरीचे अर्ज निवडणारं एक यंत्र बनवलं होतं. त्याला मागच्या दहा वर्षांचे अर्ज शिकवले. ते पुरुषांनी भरलेले. यंत्र बायकांचे अर्ज खाली ढकलायला शिकलं. ते मोडीत काढावं लागलं आणि 2018 साली ही बातमी बाहेर आली. उद्या कर्ज कुणाला, काम कुणाला हे अशीच यंत्रं ठरवणार. ती बनवणाऱ्या टेबलावर आपलं कुणी नसेल तर मनू आयता यंत्रात जाऊन बसेल. त्याला शेंडी नसेल एवढंच.

आता दुसरी गोष्ट. ती कुठल्याच सिलॅबसमधे नाही. फादर काय करतात? राहता कुठे? पूर्ण नाव काय? याला ते फॅमिली बॅकग्राउंड म्हणतात. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी खाजगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले, फक्त नावं बदलली. 2007 साली निष्कर्ष छापले. बोलावणं येण्याचे ऑड्स दलित नावाला सवर्ण नावाच्या 0.67 पट, मुसलमान नावाला 0.33 पट. म्हणजे जॉइन आणि मध्यक विचारण्याआधीच एक फेरी होऊन गेलेली असते. त्याच वर्षी सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी भरती करणाऱ्या मॅनेजरांनाच बोलतं केलं. तोंडात मेरिट, आणि विचारतात घराणं! सरकारी नोकरीत कलम 16(4)चा आधार तरी आहे. खाजगी कंपनीच्या दारात तोही नाही.

मग पोरानं काय करावं? बाप हमाल आहे असं ठणकावून सांग, असा हुकूम मी सोडणार नाही. नोकरी गेली तर त्याची जाईल, माझी नाही. पोट कुणाचं आणि बाणेदारपणा कुणाचा! लाज त्या प्रश्नाची आहे, त्याच्या उत्तराची नाही. पण एवढं नक्की, आमच्या खोलीत खोटं बोलायची तालीम होणार नाही. तालीम होईल ती खऱ्याची. वडील डॉकात गोणी उचलतात, घरातला पहिला पदवीधर मी, आता कामाचं विचारा. हे वाक्य पोरं आरशासमोर नाही, आपापल्या बापासमोर म्हणतील. पुढं केबिनमधे काय बोलायचं ते ज्याचं त्यानं ठरवावं.

आणि एक वही घालायची. तारीख, कुठली फेरी, काय विचारलं, निकाल काय. नाव लिहू नका, नोंद लिहा. पडलेल्यांची लिहा, लागलेल्यांचीही लिहा. कॉलेजातल्या सवर्ण मित्रांनाही विचारा, तुला बापाचा धंदा विचारला काय? तुलनेला दुसरी बाजू नसेल तर आपला कागद ते केराच्या टोपलीत टाकतील, आणि बरोबर टाकतील. एकट्यानं सांगितलं तर ती कुरकुर ठरते. दर वस्तीत, दर विहारात अशी वही झाली तर तो पुरावा होतो. मग खाजगी भरतीत कायदा मागताना नुसत्या घोषणा देत उभं राहावं लागणार नाही. डेटावाल्यांना डेटानंच जाब विचारू.

आमची वही सुरू झालीय. पहिली ओळ त्याच पोराची. चार फेऱ्या, फादर काय करतात, शिपिंग. निकाल अजून आलेला नाही. तो रकाना आम्ही कोरा ठेवलाय. शून्य घातलेलं नाही.

दुसरी ओळ तुम्ही पाठवा.