रामकथेचे दौत्य

रामनवमीच्या मंगल दिनी रामकथेच्या एका निराळ्या कार्याचेही स्मरण व्हावे. राष्ट्राराष्ट्रांतील स्नेह केवळ करारमदारांवर टिकत नाही. त्यास परस्परपरिचयाचा पाया लागतो. आग्नेय आशियात हा पाया रामायणाने घातला आहे.

जावा बेटावरील प्रंबानन मंदिरांच्या सान्निध्यात १९६१ पासून रामायण नृत्यनाट्य होत आले असून, मुस्लिमबहुल इंडोनेशियातील कलावंत ते तन्मयतेने रंगवितात. याच बेटावर पांडान येथे १९७१ मध्ये आंतरराष्ट्रीय रामायण महोत्सव भरला. जानेवारी २०१८ मध्ये ‘आसियान’च्या तत्कालीन दहाही राष्ट्रांची पथके रामायण महोत्सवासाठी भारतात आली आणि त्याच महिन्यात त्या राष्ट्रांचे नेते प्रजासत्ताकदिनी आपले पाहुणे झाले.

परंतु या साधनाची मर्यादाही ओळखली पाहिजे. थायलंडचे ‘खोन’ आणि कंबोडियाचे ‘ल्खोन खोल’ ही मुखवटानाट्ये रामकथाच सांगतात. तरी ही कला मूळची कोणाची, यावरून उभय देशांत वाद झडले. २०१८ मध्ये युनेस्कोने दोहोंनाही वारसा म्हणून मान्यता दिली. तथापि जुलै २०२५ मध्ये त्यांच्या सीमेवर तोफा धडाडल्याच.

मग असे महोत्सव व्यर्थ काय? तसे नव्हे. मात्र स्वामित्वाचा आग्रह सोडला, तरच ते फलदायी होतात. थाई ‘रामकियेन’मधील हनुमान ब्रह्मचारी नाही, हे आपल्या भाविक मनास खटकेल, पण पाहुण्याची रामकथा पाहुण्याच्या रीतीने ऐकणे, यातच या दौत्याचे मर्म आहे. रावणाच्या दरबारी अंगदाची शिष्टाई निष्फळ ठरली; म्हणून प्रभू रामचंद्रांनी त्यास पाठविले, हे चुकले असे कोणी म्हणत नाही.